नेटवर्क मार्केटिंग: नवीन माणसाला जोडताना काय सांगायचे आणि कुणाला विचारायचेच नाही?

प्रश्न

नमस्कार. मी गेले आठ महिने एका नेटवर्क मार्केटिंग कंपनीचा वितरक म्हणून काम करतो आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका कंपनीपुरता नाही. कंपनीच्या वस्तू मी स्वतः वापरतो, त्या मला आवडतात, आणि अकरा नेहमीचे ग्राहक दर महिन्याला माझ्याकडून त्या घेतात. विक्रीच्या या बाजूबद्दल मनात कसलाही किंतु नाही. मला खटकते ते जॉइनिंग, म्हणजे नवीन माणसांना आपल्या खाली वितरक म्हणून जोडणे आणि त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवणे.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी आम्हाला ओळखीच्या शंभर जणांची यादी करायला सांगितली गेली. फोनवर कंपनीचे नाव घ्यायचे नाही, ‘प्लॅन’ हा शब्द उच्चारायचा नाही, ‘एका नव्या कामासंदर्भात भेटायचे आहे, बाकीचे भेटीत बोलू’ एवढेच म्हणायचे, आणि भेट झाली की आधी समोरच्याची स्वप्ने विचारून मग त्याच्या अडचणीवर बोट ठेवायचे, असा क्रम ठरलेला आहे. जो शंका काढेल तो ‘नकारात्मक’ समजावा आणि त्याच्यावर वेळ घालवू नये, हेही त्याच दिवशी सांगितले गेले.

मागच्या महिन्यात मी याच पद्धतीने एका जुन्या सहकाऱ्याला बोलावले. त्याची नोकरी सुटून चार महिने झाले होते आणि ते मला ठाऊक होते. खरे तर त्याच कारणासाठी माझ्या अपलाइनने, म्हणजे साखळीत माझ्या वर असलेल्या वितरकाने, त्याचे नाव यादीत सर्वांत वर घ्यायला लावले होते. तो ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि हातात प्लास्टिकची एक निळी फाइल होती, ती त्याने टेबलावर समोर ठेवली. मी कागदावर वर्तुळे काढून प्लॅन समजावू लागलो. तिसऱ्या ओळीतली वर्तुळे काढत असताना त्याने ती फाइल उचलली आणि हळूच मांडीवर घेतली. त्या फाइलमध्ये त्याची प्रमाणपत्रे आणि अनुभवाचे दाखले होते. मी कुठेतरी जागा रिकामी आहे म्हणून बोलावले, असे समजून तो आला होता. तो रागावला नाही. ‘विचार करून सांगतो’ म्हणाला, चहा अर्धा ठेवून उठला आणि जाताना मला धन्यवाद देऊन गेला.

४८ तासांच्या आत फॉलोअप करून त्याचा आयडी लावून घे, म्हणजे त्याची वितरक म्हणून नोंदणी कर, असा अपलाइनचा आग्रह होता. मी तो फोन केला नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्या कुणालाही केलेला नाही.

या क्षेत्रात मुरलेल्यांना आणि यातून बाहेर पडलेल्यांनाही विचारायचे आहे की नवीन माणसाला जोडण्याआधी त्याला कोणत्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कोणत्या माणसांना हा प्रस्ताव मुळीच देऊ नये, आणि हे सगळे पाळून हा व्यवसाय करता येतो का. ‘सगळी फसवणूक आहे, सोडून द्या’ किंवा ‘विचार मोठा ठेवा’ अशा एका ओळीच्या उत्तरांनी माझे समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद १

मी या व्यवसायात अकरा वर्षे आहे. आपल्या प्रशिक्षणात जे शिकवले गेले तेच मी पहिली चार वर्षे इतरांना शिकवले, त्यामुळे जे लिहिते आहे त्यातला बराचसा भाग माझ्या स्वतःच्या चुकांमधून आलेला आहे.

आपली चूक भेटीत झाली नाही, ती फोनवरच झाली. त्या सहकाऱ्याला ‘हे नेटवर्क मार्केटिंग आहे’ हे एक वाक्य आधी कळले असते, तर तो फाइल घेऊन आला नसता. कदाचित आलाच नसता, आणि न येण्याचा तो निर्णय त्याचा स्वतःचा असता. मी आता पहिल्या बोलण्यातच तीन गोष्टी सांगते: कंपनीचे नाव, हा नेटवर्क मार्केटिंगचा व्यवसाय आहे ही माहिती, आणि तुम्ही जोडले गेलात व खरेदी केलीत तर त्यात मला मोबदला मिळतो ही कबुली. तिसरी गोष्ट सांगताना सुरुवातीला जीभ अडखळते. पण समोरच्या माणसाला आपल्या आग्रहामागचे कारण कळले नाही, तर तो आपला सल्ला मित्राचा सल्ला म्हणून ऐकतो, आणि तिथेच त्याची फसगत सुरू होते. अनेक जण फोनवरच ‘नको’ म्हणतात. त्या नकारांनी माझे काही बिघडलेले नाही; उलट ज्यांना नको होते त्यांच्याशी माझे बोलणे अजून टिकून आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. माझ्याकडे एक साधी वही आहे. तिच्या डाव्या पानावर दर महिन्याचे कमिशन लिहिलेले असते आणि उजव्या पानावर खर्च: आयडी ॲक्टिव्ह ठेवण्यासाठी केलेली स्वतःची खरेदी, प्रवास, सेमिनारची तिकिटे, सभागृहाच्या भाड्यातला वाटा, फुकट दिलेले नमुने, परत न आलेली उधारी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पहिल्यांदा दोन्ही पानांची बेरीज केली, तेव्हा डाव्या पानावरच्या रकमेतले जवळजवळ सगळे उजव्या पानाने खाल्लेले दिसले, आणि मी घातलेल्या संध्याकाळींचा तर त्यात हिशेबच नव्हता. त्याच वर्षी मी व्यासपीठावरून माझ्या सर्वांत चांगल्या महिन्याच्या पेआउटचा स्क्रीनशॉट पडद्यावर दाखवला होता. तो आकडा खरा होता, तरीही मी सभागृहातल्या माणसांना खोटे सांगितले होते, कारण आवक म्हणजे मिळकत नव्हे आणि एक महिना म्हणजे वर्ष नव्हे. आता कुणाला जोडण्याआधी मी गेल्या बारा महिन्यांची दोन्ही पाने त्याच्या हातात देते आणि शेजारी बसून वाचू देते. आपणही तेच करावे. आपल्या आठ महिन्यांची बेरीज अजून झाली नसेल, तर ती होईपर्यंत कुणाला प्लॅन दाखवू नये, असे मला मनापासून वाटते.

कुणाला विचारू नये, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याला विचारू नये. नोकरी नुकतीच गेलेला माणूस, कर्जाचे हप्ते थकलेला माणूस, घरात आजारपण किंवा मृत्यू झालेले कुटुंब, शिक्षण पूर्ण न झालेला विद्यार्थी, आपल्या हाताखाली काम करणारे, आणि ज्यांच्यावर आपले काही उपकार आहेत असे सगळे यात येतात. आमच्या प्रशिक्षणात नेमक्या याच माणसांना ‘गरजू प्रॉस्पेक्ट’ (म्हणजे जोडता येण्याजोगी गरजू माणसे) म्हणत. माणसाची गरज जितकी तातडीची, तितका तो आपले बोलणे कमी तपासतो, आणि प्लॅन दाखवणाऱ्याला ते चांगले माहीत असते.

तिसरी गोष्ट मालाची. या व्यवसायातले सर्वांत मोठे नुकसान मी जॉइनिंगच्या दिवशी झालेले पाहिले नाही. ते महिन्याच्या अखेरीस होते. २९ किंवा ३० तारखेच्या रात्री फोन येतो की रँकला, म्हणजे वरच्या पायरीला, खरेदीवर मिळणारे थोडेच पॉइंट कमी पडत आहेत, एवढी ऑर्डर टाकून दे, पुढच्या महिन्यात सहज निघेल. माझ्या टीममधल्या एका बाईंनी अशा सलग पाच महिनाअखेरी निभावल्या. मला ते उशिरा कळले. त्यांच्या घरी गेले तेव्हा पलंगाखाली खोकी लावलेली होती, प्रत्येक खोक्यावर त्यांनी पेनाने मुदत संपण्याची तारीख लिहून ठेवली होती, आणि दोन खोक्यांवरच्या तारखा उलटून गेल्या होत्या. त्या ऑर्डरींतले पॉइंट माझ्या रँकमध्येही मोजले गेले होते. जो माल परत करता आला तो आम्ही दोघींनी मिळून परत केला, आणि उरलेल्याची भरपाई मी माझ्या खिशातून केली, कारण त्या फोनची पद्धत मीच शिकवलेली होती. त्या दिवसापासून माझ्या टीममध्ये महिनाअखेरीचा फोन बंद आहे, आणि आधीचा माल खऱ्या ग्राहकांपर्यंत पोहोचल्याशिवाय नवीन माणसाने पुढची ऑर्डर टाकू नये असा आमचा नियम आहे.

आणखी एक. जोडतानाच बाहेर पडण्याची वाट दाखवावी. माल किती दिवसांत परत घेतला जातो, किती रक्कम कापली जाते, आयडी बंद करण्याचा अर्ज कुठे करायचा, हे करारात शोधून त्या पानावर खूण करून द्यावी. थेट विक्री संघटनांच्या जागतिक महासंघाच्या आचारसंहितेत असे आहे की व्यवसाय सोडणाऱ्या विक्रेत्याचा मागील बारा महिन्यांत घेतलेला, विकण्याजोगा माल परत घ्यावा आणि हाताळणीपोटी फार तर १० टक्के कापून बाकीची रक्कम द्यावी. आपल्या कंपनीच्या करारात याहून कडक अट असेल, तर ती माणसाला सही करण्याआधी कळलीच पाहिजे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद अनुभवातून आलेला आहे आणि त्याच्याशी मी सहमत आहे. मी त्याला आकड्यांची आणि निकालांची जोड देतो, कारण जोडणारा माणूस कितीही सचोटीचा असला तरी योजनेची घडणच सदोष असेल तर त्याच्या सचोटीचा उपयोग मर्यादित राहतो.

आपण कागदावर काढलेल्या वर्तुळांपासून सुरुवात करू. ‘तुम्ही पाच जण जोडा, ते प्रत्येकी पाच जोडतील’ असे धरले, तर चौथ्या ओळीपर्यंत एकूण माणसे होतात ७८१, आणि त्यांपैकी ६२५ माणसे शेवटच्या ओळीत असतात. म्हणजे सर्व काही ठरल्याप्रमाणे घडले, कुणीही आळस केला नाही, तरीसुद्धा दर शंभरांतल्या ८० जणांच्या खाली एकही माणूस नसतो. आणखी ओळी वाढवल्या तरी हे प्रमाण जवळजवळ तेच राहते. चौदाव्या ओळीसाठी ६१० कोटींहून अधिक माणसे लागतील. जे वितरक मागे पडतात त्यांना ‘मेहनत कमी पडली’ असे सांगितले जाते. त्यांतल्या बहुतेकांचे मागे पडणे त्या आकृतीतच लिहिलेले असते, आणि हे नवीन माणसाला कागद समोर असतानाच सांगणे शक्य असते.

मग कायदेशीर योजना आणि पिरॅमिड, म्हणजे मालाच्या विक्रीऐवजी माणसे जोडण्यावर चालणारी बेकायदेशीर साखळी, यांत भेद कसा करायचा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) १९७५ मध्ये ‘कॉस्कॉट’ प्रकरणात दिलेली कसोटी आजही वापरली जाते. माणूस कंपनीला पैसे देतो आणि त्या बदल्यात त्याला वस्तू विकण्याचा हक्क मिळतो; त्यासोबतच दुसऱ्यांना जोडल्याबद्दल, अंतिम ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसलेला मोबदला मिळण्याचाही हक्क मिळत असेल, तर तो पिरॅमिड. १९७९ मध्ये ‘ॲमवे’ला याच कमिशनने पिरॅमिड ठरवले नाही. घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकलेला असावा, महिन्याला दहा किरकोळ ग्राहकांना विक्री झालेली असावी आणि न खपलेला माल परत घेतला जावा, हे त्या कंपनीचे नियम त्या निकालात निर्णायक ठरले. त्याच निकालात मिळकतीबद्दल केलेले फुगवलेले दावे मात्र दिशाभूल करणारे ठरले होते. प्लॅन दाखवताना या निकालाचा पहिला भाग अभिमानाने सांगतात आणि दुसरा गाळतात, असे मी अनेकदा ऐकले आहे. पुढे १९९६ मध्ये ‘ऑम्निट्रिशन’ खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने स्पष्ट केले की असे नियम पुस्तिकेत छापून भागत नाही, ते खरोखर पाळले जातात आणि परिणामकारक आहेत हे दिसले पाहिजे.

२०१६ मध्ये ‘हर्बालाइफ’ या नेटवर्क मार्केटिंग कंपनीने याच कमिशनशी केलेल्या तडजोडीत २० कोटी डॉलर भरले, आणि वितरकांच्या मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग नोंद असलेल्या प्रत्यक्ष विक्रीशी जोडण्याचे मान्य केले. त्याआधी २०१५ मध्ये ‘वेमा’ या कंपनीविरुद्ध कारवाई झाली तेव्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हेरून जोडल्याचा आरोप तक्रारीच्या केंद्रस्थानी होता. वरच्या प्रतिसादातल्या ‘विद्यार्थ्यांना विचारू नये’ या मुद्द्याला हा संदर्भ लागू पडतो.

आपल्या पहिल्या फोनबद्दलही कायद्याने काही म्हटलेले आहे. भारतात डिसेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्याने बोलण्याच्या सुरुवातीलाच स्वतःची ओळख, वस्तूंचे स्वरूप आणि भेटीचा हेतू खरेपणाने सांगायचा असतो, आणि ओळखपत्र व पूर्वपरवानगी यांशिवाय कुणाच्या घरी जायचे नसते. म्हणजे ‘बाकीचे भेटीत बोलू’ हे शिकवणे नुसते अप्रशस्त नाही. चीनने तर १९९८ मध्ये हा संपूर्ण व्यवसायच बंद केला, आणि २००५ मध्ये परवानगी दिली ती फक्त एकस्तरीय थेट विक्रीला, म्हणजे विक्रेत्याला केवळ स्वतःच्या विक्रीवर मोबदला मिळतो अशा पद्धतीला. आपण जिथे काम करता तिथले नियम एकदा मुळातून वाचावेत. अपलाइनने सांगितलेल्या सारांशावर थांबू नये.

मिळकतीच्या प्रश्नावर माझ्या माहितीतला सर्वांत उपयुक्त दस्तऐवज म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल. त्यांनी ७० कंपन्यांची मिळकतीची जाहीर निवेदने तपासली. त्या निवेदनांतल्या आकड्यांनुसार बहुसंख्य सहभागी वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळवत होते, आणि किमान १७ कंपन्यांमध्ये बहुसंख्यांना काहीच मिळाले नव्हते. हे आकडे बहुतांशी खर्च वजा करण्यापूर्वीचे आहेत. काही निवेदनांमध्ये काहीच न मिळवणाऱ्यांना सरासरीतून वगळलेले होते, म्हणून आपल्या कंपनीचे निवेदन वाचताना सरासरी ‘कुणाची’ काढली आहे ते आधी पाहावे. ‘सक्रिय वितरक’ या शब्दाखाली बरेच काही दडवता येते.

प्रतिसाद ३

मी एका मोठ्या टीमचा लीडर आहे आणि मला इथे थोडे वेगळे मांडायचे आहे. या व्यवसायाने मला चार माणसांसमोर बोलायला शिकवले, वेळेचे भान दिले, आणि ज्यांना नोकरीच्या बाजारात कुणी विचारत नव्हते अशा अनेकांना मी यात ताठ मानेने उभे राहिलेले पाहिले आहे. फोनवर पहिल्याच वाक्यात ‘नेटवर्क मार्केटिंग’ म्हटले की लोक पूर्वग्रहापोटी पुढचे ऐकतच नाहीत. मग चांगली संधीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय जोखीम प्रत्येक धंद्यात असते. कोणताही दुकानदार गिऱ्हाइकाला आपल्या वहीतला तोटा दाखवत नाही. आणि नोकरी गेलेल्या माणसाला विचारायचेच नाही, असे ठरवणे म्हणजे त्याचा निर्णय आपणच घेऊन टाकणे नव्हे का? लीडरने खोटे बोलू नये, जबरदस्ती करू नये, हे मला मान्य आहे. पण सगळी कमकुवत बाजू आधी मांडून कुणी व्यवसाय उभा केल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या बाईंचे उत्तर

आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही तसेच लिहिते. दुकानदार आपली वही दाखवत नाही हे खरे, पण तो गिऱ्हाइकाला साबण विकत असतो. ‘तुम्हीही माझ्यासारखेच दुकान काढा, पैसे घाला, आणि माल माझ्यामार्फत घ्या’ असे म्हटल्याच्या क्षणापासून समोरचा माणूस गिऱ्हाईक राहत नाही, भागीदार होतो, आणि भागीदाराला वही पाहण्याचा हक्क असतो. आपण त्याच्याकडून ‘मालक व्हा’ म्हणून पैसे घेतो. मग माहिती देताना त्याला गिऱ्हाइकासारखे वागवणे योग्य नाही.

नोकरी गेलेल्या माणसाच्या निर्णयाबद्दलचा आपला मुद्दा मला विचारात घेण्यासारखा वाटतो. तो स्वतःहून विचारत आला, तर त्याला नाकारण्याचा अधिकार मलाही नाही. अशा वेळी मी वही दाखवते, महिनाभर कसलीही खरेदी न करता माझ्यासोबत ग्राहकांकडे फिरायला सांगते, आणि नोकरीचा शोध थांबवू नका असे सांगते. त्या महिन्यानंतरही त्याला यायचे असेल तर त्याने यावे. मी फक्त त्याच्या अडचणीला माझ्या यादीत वरचा क्रमांक देणार नाही.

प्रतिसाद ४

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला माणूस आहे, म्हणून लिहितो. मला माझ्या थोरल्या मावसभावाने जोडले. तो वाईट माणूस नाही, आणि त्याने मला जे सांगितले ते त्याला स्वतःलाही खरे वाटत होते. प्लॅन पाहतानाच मला कळले होते की हे माझ्याच्याने होणार नाही. तरीही मी सही केली, कारण दादा तीन तास बसला होता, त्याच्यासोबत आलेले साहेब माझ्याकडे पाहत होते, आणि नाही म्हटले तर त्याचा त्यांच्यासमोर अपमान होईल असे मला वाटले. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात, ते मी त्या दिवशी अनुभवले. मी ती वस्तू विकत घेतली नाही, त्या अवघडलेपणातून सुटका विकत घेतली.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की नातेवाइकाला किंवा मित्राला विचारायचे असेल, तर भेटीला तिसरा माणूस आणू नये. अपलाइन शेजारी बसला की तो मदतीला आला आहे असे आपल्याला वाटते, पण समोरच्याला तो साक्षीदार वाटतो. त्याच बैठकीत सही घेऊ नये. आणि ‘आजच्या दिवसापुरती ऑफर आहे’ हे वाक्य तर कधीच वापरू नये. मला एक आठवडा आणि करार घरी वाचायला मिळाला असता, तर मी फोन करून ‘दादा, मला जमणार नाही’ असे शांतपणे सांगू शकलो असतो.

मी सात महिन्यांनी सोडले. नुकसान फार मोठे नव्हते. पण त्यानंतर दादाचा फोन आला की तो आता कशासाठी करतो आहे, हा विचार माझ्या मनात आधी येतो आणि त्याचा आवाज नंतर ऐकू येतो. आता तोही या व्यवसायात नाही, तरीही हे थांबलेले नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचा पुढील संदेश

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांचेही, कारण त्यांनी मांडलेला ‘पूर्वग्रह’ हा शब्द मी स्वतःला समजावण्यासाठी अनेकदा वापरला आहे.

रविवारी बसून मी आठ महिन्यांची दोन पाने लिहिली. अकरा ग्राहकांच्या विक्रीतून मिळालेला नफा खरा आहे. पण आयडी ॲक्टिव्ह ठेवण्याची खरेदी आणि दोन सेमिनारांचा प्रवास धरला, तर माझी बेरीज शून्याच्या खाली जाते. जोडलेल्या चार जणांकडून मिळालेले कमिशन त्या चौघांनी स्वतःच्या घरासाठी केलेल्या खरेदीवरचेच होते. त्यांच्यापैकी एकाचाही बाहेरचा ग्राहक नाही. हे मला आजवर माहीत नव्हते, कारण मी त्यांना ते कधी विचारलेच नव्हते. चौघांनाही मी फोन केले आणि ती दोन पाने पाठवली. दोघांनी माल परत करण्याची प्रक्रिया विचारली. करारातले ते कलम मलाही त्यांच्यासोबतच पहिल्यांदा वाचावे लागले. एकाने पुढे चालू ठेवायचे ठरवले आहे. चौथ्याने अजून काही कळवलेले नाही.

अपलाइनला मी सांगितले आहे की यापुढे मी फक्त विक्री करीन, महिनाअखेरीचे पॉइंट भरणार नाही, आणि कुणाला जोडायचे झालेच तर कंपनीचे नाव पहिल्या फोनवर घेईन. त्यांनी ‘तू थकला आहेस, पुढच्या सेमिनारला ये’ असे उत्तर दिले. मी जाणार नाही.

त्या सहकाऱ्याला काल हा संदेश पाठवला: ‘त्या दिवशी मी तुला कामासाठी म्हणून बोलावले आणि नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन दाखवला. तुझी नोकरी गेली आहे हे माहीत असूनही मी तसे केले. ते चुकीचे होते आणि त्यासाठी मी माफी मागतो. या व्यवसायात मला आजवर नफा झालेला नाही. तुला माझ्याकडून यासंदर्भात पुन्हा फोन येणार नाही.’

त्याचे उत्तर आज सकाळी आले. माझ्या जुन्या विभागात कुणाशी बोलता येईल का, असे त्याने विचारले आहे, आणि सोबत त्या निळ्या फाइलमधल्या कागदांचे फोटो पाठवले आहेत. मी आज दुपारी तिथल्या दोघांशी बोललो.